नोंदणी गेली, आता हायकोर्टात मागायचं काय?

पत्र :

नमस्कार. माझे यजमान स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं छोटं हॉस्पिटल आहे. हिशेब, औषधांचा साठा आणि स्टाफ मी बघते. काही वर्षांपूर्वी गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एक बाई दगावल्या. इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं, आम्ही त्यांना मिरजेला हलवलं होतं. नंतर नातेवाइकांनी केसपेपर मागितले. तेव्हा हॉस्पिटलवर जमाव येऊन गेला होता, आम्ही घाबरलेलो होतो. वकिलांना विचारून देतो म्हटलं आणि द्यायला तीन आठवडे लागले. त्यांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. सुनावण्या झाल्या. मध्ये एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या तज्ज्ञांचं मत मागवलं होतं म्हणे, ते काही आम्हाला बघायला मिळालं नाही.

आता आदेश आलाय. एक वर्षासाठी नाव नोंदवहीतून काढलं आहे. आदेश दीड पानाचा. त्यात उपचार चुकले असं सरळ कुठेच नाही. कागद वेळेत दिले नाहीत, संमतीपत्र अपुरं होतं आणि 'एकूण वर्तन व्यवसायाला न शोभणारं' एवढंच आहे. आम्हाला आलेल्या नोटिशीत मात्र फक्त निष्काळजीपणाचा आरोप होता. आदेश टपालाने येऊन महिना होत आला.

गावच्या पेपरात फोटोसकट बातमी आली. डॉक्टर घरात कुणाशी बोलत नाहीत. दीर म्हणतात, अपील-बिपील करत बसू नका, थेट हायकोर्टात जा, एका तारखेत स्टे मिळतो. बत्तीस वर्षांची प्रॅक्टिस, एवढी बाळंतपणं, अडल्यानडल्याला फुकट केलेली ऑपरेशनं, हे सगळं कोर्ट बघेल ना? माझा भाचा इंग्लंडात डॉक्टर आहे. तो म्हणतो, तिकडे कोर्टाने एका डॉक्टरबाईंना परत घ्यायला लावलं. आणि तोवर आमच्याकडच्या ज्युनिअर डॉक्टरच्या नावाने कागद करून ओपीडी चालू ठेवावी, असं इथले एक जण सुचवतात. काय करावं?

— एक डॉक्टरपत्नी

उत्तर :

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर उद्याच्या ओपीडीआधी अमलात यायला हवं. डॉक्टरांनी एकही रुग्ण तपासायचा नाही, एकही चिठ्ठी लिहायची नाही, 'फक्त सल्ला दिला' असंही करायचं नाही. ज्युनिअरच्या नावाने कागद करा म्हणणारा माणूस तुमचा हितचिंतक असेलही, पण तो तुम्हाला एका प्रकरणातून काढून दुसऱ्यात घालतोय. नोंदवहीत नाव नसताना वैद्यकी करणं हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ खाली गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय त्या पोराचं काय? त्याची नोंदणी नुकती झालेली असेल. ती तुमच्या पायी जाईल.

आणखी एक कारण आहे. रिट अर्जावर, म्हणजे सरकारी यंत्रणेच्या आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात करायच्या अर्जावर, दिलासा द्यायचा की नाही, हे न्यायाधीशांच्या विवेकावर असतं. बंदी असताना लपूनछपून प्रॅक्टिस चालवल्याचा एक फोटो, एक चिठ्ठी समोरच्या वकिलांनी पुढे केली, की तुमचे बाकीचे चांगले मुद्दे ऐकायला कुणाला उत्साह राहत नाही.

हॉस्पिटल मात्र यामुळे आपोआप बंद होत नाही. डॉक्टरांची नोंदणी वेगळी आणि हॉस्पिटलची वेगळी. दुसरे पात्र स्त्रीरोगतज्ज्ञ येऊन काम करत असतील तर ते चालू राहू शकतं. ज्या कार्यालयाकडे हॉस्पिटलची नोंद आहे तिथे हा बदल लेखी कळवा आणि पोच घ्या. सोनोग्राफी मशीन डॉक्टरांच्या नावावर असेल तर ते आजपासून त्यांनी हाताळायचं नाही. गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्यांनाही तसं पत्र गेलं पाहिजे, कारण त्या कायद्यात कागदाची चूकसुद्धा महागात पडते. दिवस भरत आलेल्या बायकांना कुणाकडे सोपवलं, त्याची नोंद ठेवा. डॉक्टरांच्या नावाचा फलक झाका, त्यांच्या नावाचे लेटरपॅड कुलपात टाका.

आता मोठ्या प्रश्नाकडे. बत्तीस वर्षांची प्रॅक्टिस कोर्ट बघेल का? खरं सांगते, जवळजवळ नाही. तुमच्या घरातल्या सगळ्यांचा, आणि गप्प बसलेल्या डॉक्टरांचाही, इथेच गैरसमज झालाय असं पत्रावरून वाटतं. हायकोर्टात आपला न्याय होणार, आपण चांगले डॉक्टर आहोत की नाही ते ठरणार, अशी तुमची कल्पना आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्ट ते ठरवायला बसत नाही. परिषदेने हा आदेश कसा काढला, एवढंच ते पाहतं. अधिकार होता का, आरोप कळवला का, ऐकून घेतलं का, पुरावा अगदीच नव्हता असं तर नाही, कारणं दिली का, शिक्षा भलतीच तर नाही. बोर्डाच्या परीक्षेनंतर गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन असे दोन वेगळे अर्ज असतात ना, तसं हे आहे. पेपर नव्याने तपासून घ्यायचा असेल तर अपील. बेरीज बरोबर आहे का, एखादं पान तपासायचं राहिलं का, हे बघायचं असेल तर रिट. तुमचे दीर गुणपडताळणीचा अर्ज भरून मार्क वाढवून मागतायत.

भाच्याने सांगितलेली गोष्ट खरी आहे, पण तिचा कल त्याला वाटतो त्याच्या उलट आहे. ती डॉ. हदिझा बावा-गार्बा यांची. २०११ मध्ये लेस्टरच्या रुग्णालयात त्या उपचार करत असलेला सहा वर्षांचा मुलगा सेप्सिसने, म्हणजे रक्तात पसरलेल्या संसर्गाने, दगावला. २०१५ मध्ये ज्यूरीने त्यांना घोर निष्काळजीपणाबद्दल फौजदारीत दोषी ठरवलं. २०१७ मध्ये तिथल्या वैद्यकीय न्यायाधिकरणाने त्यांची नोंदणी बारा महिने स्थगित केली. एवढ्याने भागत नाही म्हणून खुद्द जनरल मेडिकल कौन्सिलच (तिथली वैद्यक परिषद) हायकोर्टात गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये नाव कायमचं काढण्याचा निकाल मिळवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला आणि बारा महिन्यांची स्थगिती पुन्हा आणली. का? शिक्षा किती द्यायची याचा तोल तज्ज्ञ न्यायाधिकरणाने सांभाळलेला होता, हायकोर्टाने त्यात हात घालायला नको होता, म्हणून. म्हणजे त्या बाईंना वाचवलं ते कोर्टाच्या कनवाळूपणाने नव्हे. तज्ज्ञांच्या निर्णयावर आपलं मत लादायचं नाही, या नियमाने वाचवलं. तोच नियम तुमच्या खटल्यात परिषदेच्या वकिलांच्या हातात असणार. आणि तिकडे डॉक्टरला थेट हायकोर्टात अपिलाचा हक्क कायद्यानेच दिलाय, अठ्ठावीस दिवसांच्या मुदतीत. आपल्याकडे अपील आधी दिल्लीला जातं.

ही वृत्ती काही आजची नाही. १८९४ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयासमोर डॉ. ॲलिन्सन उभे होते. औषधांविरुद्ध बोलणारे, बिनचाळल्या गव्हाच्या पावाचा प्रचार करणारे गृहस्थ. इतर डॉक्टरांची निंदा करून लोकांना आपल्याकडे या म्हणून जाहिरात करतात, यासाठी त्यांचं नाव काढलं होतं. न्यायाधीशांनी म्हटलं, चांगल्या नावाच्या आणि जाणत्या समव्यवसायींना जे वर्तन लाजिरवाणं वाटेल ते गैरवर्तन, आणि तसं म्हणायला परिषदेपुढे पुरावा असेल तर आम्ही मध्ये पडत नाही. डॉक्टरकी गेली, पण पिठाच्या पिशवीवर त्यांचं नाव इंग्लंडात आजही आहे. मुंबई प्रांताचा १९१२ चा वैद्यक कायदा आणि पुढे महाराष्ट्राचा १९६५ चा अधिनियम, दोन्हींत ही कसोटी तिकडूनच आली. १९६५ च्या अधिनियमात परिषद ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी नाव काढू शकते किंवा कायमचं काढू शकते. तुमच्याकडे मधलं झालंय.

तर मग हायकोर्टात जायचंच नाही का? तसं नाही. तुम्ही सगळ्यात जास्त शाई खर्च केलीत ती डॉक्टरांच्या पुण्याईवर. तुमचे खरे मुद्दे दोन ओळींत सहज लिहून गेलात. एक, नोटिशीत निष्काळजीपणा आणि आदेशात कागदपत्रं. दोन, तज्ज्ञांचं मत तुम्हाला दाखवलं गेलं नाही.

पहिल्याबद्दल. ज्या आरोपाची कल्पनाच दिली नाही त्यावर दोषी ठरवता येत नाही. हा नैसर्गिक न्यायाचा पाया आहे आणि कोर्टं तो गांभीर्याने घेतात. २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ३० मध्येही कारवाईआधी म्हणणं मांडायची संधी द्यायचं बंधन आहे. पण हुरळून जाऊ नका. नोटिशीसोबत तक्रारीची प्रत जोडलेली असणार. त्या तक्रारीत 'केसपेपर तीन आठवडे दिले नाहीत' असं वाक्य असेल आणि डॉक्टरांनी लेखी उत्तरात त्यावर खुलासाही केला असेल, तर परिषद म्हणेल की आरोप यांना पुरता ठाऊक होता, उत्तरही दिलंय. म्हणून नोटीस, तक्रार आणि तुमचं उत्तर हे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. माझ्या मते सगळं प्रकरण या तीन कागदांवर फिरणार आहे.

तज्ज्ञांचा अहवाल पाठीमागे मागवून, प्रत न देता वापरला असेल तर तोही मोठा दोष. इथे मात्र १९९३ चा सर्वोच्च न्यायालयाचा करुणाकर खटल्यातला निकाल आडवा येतो. तो नोकरीतल्या खातेनिहाय चौकशीचा, पण तत्त्व सगळीकडे लावतात : अहवाल दिला नाही एवढ्यावर आदेश आपोआप कोसळत नाही, त्यामुळे तुमचं नुकसान काय झालं ते दाखवा. म्हणजे तो अहवाल आधी मिळवा. परिषदेकडे प्रमाणित प्रतीचा अर्ज करा आणि सोबत माहिती अधिकारातही मागा. मिळाला की डॉक्टरांनी बसून लिहायचं : हा मला तेव्हा दिला असता तर मी अमुक विचारलं असतं. तज्ज्ञांना ऑपरेशनची नोंद दाखवली होती का? मिरजेला हलवतानाचं पत्र त्यांच्यासमोर होतं का? कल्चरचा रिपोर्ट? असे चार टोकदार प्रश्न निघाले तर मुद्दा उभा राहतो. नाही निघाले तर तो नुसता तांत्रिक ठरतो.

रोजनामा (सुनावणीच्या तारखांची नोंद) आणि बैठकीचं इतिवृत्तही मागा. सुनावणीला कोण सदस्य हजर होते आणि आदेश देताना कोण होते, ते ताडून बघायचंय. एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने ठरवायचं असं चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच आंध्रातल्या एसटीच्या राष्ट्रीयीकरणाच्या वादात सांगितलंय. तिथे सचिवांनी ऐकलं होतं आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला होता. अर्थात परिषदेच्या नियमांनुसार समितीने चौकशी करून परिषदेपुढे ठेवणं वैध असू शकतं, तेव्हा नियम वाचल्याशिवाय हा मुद्दा ठोकून देऊ नका.

दीड पानाच्या आदेशाबद्दल. लांबी महत्त्वाची नाही, दोन पानांतही उत्तम आदेश लिहिता येतो. पण तक्रारदाराचं म्हणणं, डॉक्टरांचं म्हणणं आणि 'सबब' यांच्यामध्ये काही विचार दिसायला हवा. तो नसेल तर परिषदेला नंतर हायकोर्टात प्रतिज्ञापत्र करून आमच्या मनात अमुक कारणं होती असं सांगता येत नाही. हा धडा आपल्या अंधेरीतल्या एका सिनेमागृहाच्या परवानगीवरून मिळालाय. मुंबईच्या पोलिस आयुक्तांनी दिलेली परवानगी रद्द केली, आणि गोर्धनदास भानजी यांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की जाहीर आदेश त्यातल्या शब्दांवरून वाचायचा, अधिकाऱ्याने मागाहून दिलेल्या खुलाशावरून नाही. १९५२ च्या कायदा-अहवालांत छापलेला हा निकाल वकील मंडळी अजून रोज वापरतात. तुमच्या आदेशातलं 'एकूण वर्तन' हे शब्द मला सगळ्यात कच्चे वाटतात. कुठलं वर्तन?

आता कडू भाग. केसपेपरच्या बाबतीत तुमची बाजू लंगडी आहे. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेच्या विनियमांत स्पष्ट आहे : आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायचे आणि रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. न देणं हे त्याच विनियमांत गैरवर्तनाच्या यादीत आहे. जमाव आला होता, भीती होती, हे समजण्यासारखं. पण तीन आठवडे म्हणजे ७२ तास नव्हेत, आणि वकिलांना विचारायला एक फोन पुरतो. घरातली बाई गेलेल्या माणसांना ती कशाने गेली हे कळायलाही तीन आठवडे थांबावं लागलं, हेही विसरू नका. अर्जात 'तक्रारदारांनी पैशासाठी कुभांड रचलं' छापाची वाक्यं वकिलांना लिहू देऊ नका. पुरावा नसेल तर ती तुमच्यावरच उलटतात, आणि मला ती वाचायलाही आवडत नाहीत. संमतीपत्राचं मूळ काढून बघा. छापील फॉर्मवर नुसती सही असेल, कुठलं ऑपरेशन ही जागा कोरी असेल, तर तोही दोष कबूल करून चालावं लागेल.

दोष कबूल केले तरी एक प्रश्न उरतो : त्यासाठी एक वर्ष? शिक्षा कोर्टाच्या सदसद्विवेकाला धक्का देणारी असेल तर हस्तक्षेप होतो. १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात वरिष्ठाच्या हुकमावरून जेवायला नकार दिला म्हणून एका जवानाला वर्षभराची सक्तमजुरी आणि बडतर्फी मिळाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तुमचं प्रकरण तितकं टोकाचं नाही. रुग्ण दगावलेला असताना निव्वळ 'शिक्षा जास्त झाली' यावर हायकोर्ट सहसा हलत नाही. हा मुद्दा अपिलात जास्त चालतो, कारण तिथे शिक्षा कमी करता येते. आणि हो, बत्तीस वर्षांत एकही तक्रार नाही, हे म्हणायची जागाही तीच. डॉक्टरांची पुण्याई अगदीच वाया जात नाही, ती योग्य खिडकीवर न्यायची एवढंच.

म्हणून क्रम असा ठेवा. आदेश हातात पडल्या दिवसापासून ६० दिवसांत दिल्लीला राष्ट्रीय आयोगाच्या नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे अपील. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांची सवलत विनियमांत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. तुमचा एक महिना गेलाच आहे. अपील केल्याने आदेश आपोआप थांबत नाही, म्हणून सोबत स्थगितीचा वेगळा अर्ज. तिथे हरलात तर पुन्हा ६० दिवसांत खुद्द आयोगाकडे दुसरं अपील. कलम ३० मध्ये हा हक्क डॉक्टरलाच लिहून दिलाय, रुग्णाच्या नातेवाइकांचा त्यात उल्लेख नाही. मला हे एकतर्फी वाटतं, पण आज तुम्ही त्याच्या फायद्याच्या बाजूला आहात.

एक सावधगिरी. २ ऑगस्ट २०२३ ला आचारसंहितेचे नवे विनियम निघाले होते आणि २३ ऑगस्टला ते स्थगितही झाले. चालतात ते २००२ चेच. इंटरनेटवर २०२३ ची कलमं अजून मिरवतात. तुमच्या वकिलांच्या मसुद्यात ती दिसली तर नम्रपणे विचारा.

अपिलाची वाट असताना हायकोर्ट सहसा म्हणतं, आधी तिकडे जा. याला अपवाद आहेत आणि १९९८ च्या व्हर्लपूल खटल्यात ते मोजून सांगितलेत (हो, वॉशिंग मशीनवाली तीच कंपनी) : मूलभूत हक्कांचा प्रश्न, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना काढलेला आदेश, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. नोटिशीबाहेरचा आरोप आणि न दिलेला अहवाल हे दुसऱ्यात बसतं. म्हणून थेट रिट अशक्य नाही. मी तरी आधी अपील दाखल करून हात मोकळे ठेवीन. मग स्थगितीचा अर्ज तिथे पडून राहिला, बंदीचे महिने सरत चालले, की हायकोर्टाला सांगता येतं : अपील केलंय, कुणी ऐकत नाही, ऐकेपर्यंत तरी आदेश थांबवा. अशी मर्यादित मागणी न्यायाधीशांना मान्य करणं सोपं जातं. उलट अपील न करता थेट गेलात आणि महिन्या-दोन महिन्यांनी 'पर्यायी मार्ग आहे' म्हणून अर्ज निकाली निघाला, तर मुदतही गेलेली असेल.

'एका तारखेत स्टे' मिळतो तसा मिळतही नाही. तक्रारदारांनी कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, लावून ठेवलं असेल तर त्यांना ऐकल्याशिवाय काही होणार नाही, आणि त्यांना अर्जात प्रतिवादी करावंच लागेल. टाळायला जाऊ नका. कोर्ट विचारेल : प्रथमदर्शनी बाजू आहे का, न थांबवल्यास भरून न येणारं नुकसान आहे का, आणि रुग्णांच्या सुरक्षिततेचं काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. संमतीपत्राचा नवा नमुना, केसपेपर देण्याची लेखी पद्धत, संसर्ग झालेल्या रुग्णाला कधी हलवायचं याची ठरलेली पायरी, हे आजच सुरू केलंत तर वकिलांना बोलायला काही असेल.

जिंकलात तरी काय मिळेल, हेही आधीच समजून घ्या. प्रक्रियेतल्या दोषावरून आदेश रद्द झाला तर कोर्ट बहुतेक वेळा प्रकरण परिषदेकडे परत पाठवतं : नीट नोटीस द्या, अहवाल द्या, पुन्हा ऐका, कारणांसह ठरवा. डॉक्टर निर्दोष, असं कोर्ट म्हणणार नाही. दुसऱ्या फेरीत तीच शिक्षा चांगल्या कारणांसकट परत येऊ शकते. पेपरवाल्यांना लगेच 'डॉक्टर निर्दोष' म्हणून मजकूर द्यायचा मोह दिरांना होईल, तो आवरा. (नाव काढल्याची बातमी पेपरात येणं हेही विनियमांतच सांगितलंय, बरं का. ती कुणाची खोडी असेलच असं नाही.)

कोर्ट कुठलं? ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं आणि सांगली जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. परिषद मुंबईत, दवाखाना तुमच्याकडे, म्हणून अर्ज कुठे टाकायचा हे वकील ठरवतील, पण हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. दर तारखेला मुंबई गाठायची की कोल्हापूर, यात तुमचा पैसा आणि डॉक्टरांची उमेद दोन्ही आहेत. वकील शोधताना वैद्यकीय निष्काळजीपणाचे ग्राहक-खटले लढवणारा आणि रिट लढवणारा यांत फरक करा. तुम्हाला दुसरा हवा. पण ग्राहक आयोगात किंवा पोलिसांकडे त्याच घटनेचं काही चालू असेल तर तिन्हीकडचे कागद एका माणसाने वाचलेले असू द्या. अपिलात 'कागद द्यायला उशीर झाला हे मान्य' म्हणायचं आणि ग्राहक आयोगात 'लगेच दिले' म्हणायचं, असं झालं तर दोन्हीकडे तोंडघशी पडाल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते : कुणा मध्यस्थाला घेऊन त्या कुटुंबाकडे जाऊ नका. आदेश झाल्यावर तक्रार मागे घेऊन काही साधत नाही, आणि दबाव आणल्याचा आरोप मात्र पक्का होतो.

डॉक्टर बोलत नाहीत म्हणालात. त्यांच्याकडून बोलणं काढू नका, लिहून घ्या. बाई दाखल झाल्यापासून आदेश हातात पडेपर्यंत काय काय घडलं, तारीखवार, त्यांच्याच अक्षरात. वकिलांना पहिल्या भेटीत तेच लागणार आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. मन फारच खचलेलं वाटलं, झोप-जेवण सुटलं असेल, तर मिरजेत किंवा सांगलीत चांगले मानसोपचारतज्ज्ञ आहेत. डॉक्टर लोक स्वतःसाठी जायला शेवटपर्यंत टाळतात, तुम्ही टाळू देऊ नका.

आणि तो आदेश ज्या लिफाफ्यातून आला तो शोधा. त्यावरचा टपालाचा शिक्का म्हणजे तुमच्या साठ दिवसांचा पुरावा. सापडला नाही तर पोस्टात रजिस्टर नंबरवरून पोचण्याची तारीख काढून आणा. मूळ केसपेपर, मूळ संमतीपत्र आणि हा लिफाफा वकिलांना फक्त दाखवायचा. देताना झेरॉक्स द्या.